चौकटीवरची खूण

तपासनीस बाई तीन वाजता यायच्या होत्या, पण दोन वाजल्यापासूनच सगळं घर समोरच्या खोलीत येऊन बसलं होतं. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. उधाणाची भरती चढत होती. खाडीच्या पाण्यावरचा उजेड खिडकीतून आत येऊन छतावर सावकाश हलत होता, आणि थोडा वेळ वर बघत बसलं की आपण खोलीसकट कुठेतरी निघालो आहोत असं वाटायला लागायचं. या घरात दुपारी फार वेळ वर बघू नये, असं वहिनीचं मत होतं. तिला गरगरायचं.

धाकटी वर बघत नव्हती. तिच्या मांडीवर नकाशाची गुंडाळी होती, चौथी. गावातल्या निम्म्या घरांचे नकाशे तिने काढले होते, परवानगी विभागातला दारावरचा शिपाईसुद्धा तिला चहा विचारायचा, आणि स्वतःच्या आत्याच्या एका खोलीसाठी मात्र तिने अकरा महिने खेटे घातले होते. लोक तिला गमतीने विचारायचे, काय, झाली का खोली? ती हसायची. हसून हसून तिचे गाल दुखायला लागले होते.

नियम तसा साधा होता. पाणी आजवर सर्वांत वर जिथे चढलं ती पूररेषा, आणि नव्या खोलीची जमीन त्या रेषेच्या निदान एक फूट वर हवी. एक्कावन्न वर्षांपूर्वीच्या मोठ्या पुराची कार्यालयाकडे नोंद नव्हती, कारण नोंदवही त्याच पुरात वाहून गेली होती. म्हणून घराघरांतल्या खुणा धरत. या घरातली खूण दाराच्या चौकटीवर होती, उंबऱ्यापासून दोन फूट वर, खिळ्याने ओरखडून काढलेली आडवी रेघ. म्हणजे मागच्या अंगणातली आत्याची खोली घरापेक्षा तीन फूट उंच करावी लागणार होती. आणि आत्याचे दोन्ही गुडघे गेलेले. ती चाकाच्या खुर्चीवर, आणि जुन्या न्हाणीत खुर्ची शिरत नव्हती, म्हणून तर ही खोली. घरातून खोलीपर्यंत उतार काढायचा तर छत्तीस फुटांचा, आणि अंगण सगळं मिळून वीस फूट.

"मग मी उतारावरच राहते," आत्या म्हणाली होती. "शिवणाचं मशीन घरंगळणार नाही एवढं फक्त बघ."

आज बाई स्वतः खूण बघणार, आणि खूण कायम राहिली की फाइल बंद होणार होती. मग रविवारी टेम्पो येणार होता. धाकटीच्या भावाने, म्हणजे थोरल्याने, तो आधीच सांगून ठेवला होता. गावाच्या उंच भागात, त्याच्या औषधाच्या दुकानावर त्याचा फ्लॅट होता, लिफ्टसकट. तिथे आत्यासाठी खोली रंगवून तयार होती.

"तू टेम्पो सांगितलास आणि आम्हाला आज कळतंय," धाकटी म्हणाली.

"रद्द करता येतो गं."

"तुला फाइल बंद व्हायलाच हवीय."

"मला आत्या एका जागी पडून राहायला नकोय. दोन वर्षं ती पायऱ्या उतरलेली नाही. तू नकाशे काढत बस, तोवर तिने काय करायचं?"

"आत्या इथेच बसलीय," आत्या म्हणाली. ती एका शर्टाची कॉलर उसवत होती. "तिला विचारलंत तरी चालेल."

"सांग मग," दोघंही म्हणाली.

 आत्याने दोरा तोडला आणि खिडकीजवळ बसलेल्या आपल्या भावाकडे पाहिलं. सगळे त्यांना दादा म्हणत, त्यांची मुलंसुद्धा. आत्याच म्हणायची, मग सगळ्यांनाच सवय झाली. दादांनी एकतीस वर्षं बंदरावर भरती-ओहोटीची नोंद ठेवली होती. दर तासाला पाण्यातली मापाची पट्टी बघायची आणि आकडा लिहायचा. बायको गेल्यापासून ते आणि आत्या या घरात दोघंच. आत्या गेली तर ते एकटे उरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याबद्दल त्यांनी अजून चकार शब्द काढला नव्हता. ते चष्मा पुसत होते. बराच वेळ तेच चाललं होतं.

बाई आल्या त्या गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून. पन्नाशीच्या, शांत, कुठल्याही घरात न अवघडता शिरणाऱ्या. भरतीचं पाणी गटारातून वर येऊन रस्त्यावर चार बोटं साचलं होतं. त्यांनी बूट पायरीवर ठेवले आणि मोज्यांवर आत आल्या. टेप उघडला, चौकटीची खूण मोजली, मग दारातून टेपचं टोक खाली रस्त्यापर्यंत सोडलं.

"सहा फूट," त्या म्हणाल्या. "पुरुषभर पाणी. बरंच आलं होतं म्हणायचं."

"आमच्या आजीला त्या दिवशी दवाखान्यात नेता आलं नाही," थोरला म्हणाला. ही गोष्ट घरात अशीच, पाठ असल्यासारखी सांगितली जायची. "धाप लागली होती तिला. आजोबा परगावी अडकलेले. दवाखाना अर्ध्या मैलावर. दादा कोपऱ्यापर्यंत जाऊन बघून आले, पण एवढ्या पाण्यातून कसं नेणार? संध्याकाळी गेली."

बाईंनी मान हलवली. मग त्यांनी अर्ज काढला. "एवढंच विचारायचं होतं. मूळ बांधकामात नंतर काही बदल? इथे 'नाही' लिहिलंय."

"नाहीच," धाकटी म्हणाली. अर्ज दादांनीच भरला होता, त्यांचं अक्षर छापल्यासारखं म्हणून. तिने तो तपासलाही नव्हता. वडिलांचा कागद काय तपासायचा?

वहिनी चहा करायला उठली होती, ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली. ती या घरात लग्न होऊन आलेली, त्यामुळे इथल्या गोष्टी तिने लहानपणी नाही, मोठेपणी ऐकल्या होत्या. पुराची गोष्ट दादा सांगायचे, वर्षातून एकदा, आणि ती सांगून झाली की कुणी फार बोलत नसे. घर उचलल्याची गोष्ट आत्या सांगायची, कधीही, कुणालाही, हसत हसत. पुरानंतर दोन वर्षांनी आजोबांनी हे लाकडी घर अख्खंच्या अख्खं वर घेतलं होतं. खाली चोवीस जॅक. आजोबा शिट्टी वाजवायचे, शिट्टीसरशी प्रत्येकाने आपला दांडा पाव फेरा फिरवायचा आणि थांबायचं. तीन दिवस हे चाललं. आत्या तेव्हा आत बसून शिवत होती, कारण कुणाचे तरी कपडे वेळेवर द्यायचे होते. मशीन चालू, घड्याळ चालू, कपातला चहासुद्धा हलत नव्हता. फक्त खिडकीतलं समोरचं झाड खाली खाली जात होतं. संध्याकाळी तिने दार उघडलं तर रस्ता कुठेतरी खाली राहून गेलेला. "मला वाटलं, आता आपण असेच वर जात राहणार," आत्या म्हणायची. "मग बाबांनी शिट्टी बंद केली. तीन फुटांवर."

मुलांनी दोन्ही गोष्टी लहानपणापासून शेकडो वेळा ऐकल्या होत्या. एक रडवायची, एक हसवायची. त्या दोन्ही एकाच घराच्या आहेत, हे कुणाच्या लक्षातच आलेलं नव्हतं.

वहिनीच्या हातातला डबा तसाच राहिला. घर वर गेलं, तर चौकट? चौकट काय खाली राहिली होती?

"अहो आत्या," ती म्हणाली, "मला जरा..."

"साखर मी दाखवते," आत्या म्हणाली, आणि खुर्ची फिरवून आत आलीसुद्धा. तिने दार लोटून घेतलं. साखर ओट्यावर समोरच होती.

 स्वयंपाकघराच्या छतावरही पाण्याचा उजेड हलत होता, भांड्यांवरून सरकत होता.

"तुम्हाला माहीत होतं," वहिनी हळूच म्हणाली.

"मी आत बसले होते ना घर वर जाताना. मला नाही माहीत तर कुणाला?"

"म्हणजे पाणी सहा फूट नव्हतं. तीन फूट होतं. खोली घराच्या बरोबरीने चालेल. तुम्ही इथून सरळ खुर्ची ढकलत जाल. आत्या, धाकटी अकरा महिने..."

"हळू बोल."

"का पण?"

आत्याने तिच्याकडे पाहिलं. वहिनी हुशार होती, तिला एकेक पायरी करून सांगायची गरज नव्हती. तीन फूट म्हणजे कमरेएवढं. कमरेएवढ्या पाण्यातून बावीस वर्षांचा धडधाकट मुलगा आपल्या आईला पाठीवर घेऊन अर्धा मैल जाऊ शकतो. वहिनीच्या चेहऱ्यावर हे सगळं आलेलं आत्याला दिसलं आणि मग तिची नजर खाली गेलेलीही दिसली.

"दादांनी तुम्हाला हे कधी सांगितलं का?"

"नाही. मी विचारलं नाही. बाबांनीही विचारलं नाही. बाबांनी घर उचललं ते पाण्याच्या बरोबर एक फूट वर. मोजून. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं, आणि त्यांनी तोंड उघडलं नाही. दादाने खूण तशीच राहू दिली आणि आम्ही त्याला राहू दिलं. झालं."

"आणि तुम्ही रविवारी टेम्पोत बसणार."

"तुझ्या घरी येणं म्हणजे काय फासावर जाणं आहे का? लिफ्ट आहे, उजेड आहे."

"आत्या, तुम्हाला इथली खोली हवीय."

"हवीय," आत्या म्हणाली.  "फार हवीय. सकाळी उठून अंगणात जायचं, मशीन खिडकीशी लावायचं, कोण येतं जातं ते बघायचं. पण त्र्याहत्तराव्या वर्षी परक्या बाईसमोर आणि पोरांसमोर त्याला हे बोलायला लावायचं? खोलीच जातेय ना. जाऊ दे."

आज सकाळपर्यंत वहिनी फ्लॅटच्या बाजूची होती. रंग तिने निवडला होता, फिका पिवळा. आता तिला त्या रंगाची शरम वाटली, आणि तिला नवऱ्याला काहीतरी सांगायचं होतं, पण काय ते सुचेना. तिने चहा कपांत ओतला.

बाहेर बाईंनी शेवटचा कागद काढला होता.

"खूण मूळ जागी आहे आणि तिला कुणी हात लावलेला नाही, एवढ्यावर घरमालकाची सही हवी," त्या दादांना म्हणाल्या. "मग मी फाइल बंद करते. वाईट वाटतं, पण रेषेपुढे माझंही काही चालत नाही."

दादांनी कागद घेतला. खुणेला कुणी हात लावलेला नव्हता, हे अगदी खरं होतं. त्यांनीच ती पाणी ओसरल्यावर खिळ्याने काढली होती, ओल्या लाकडावर, आई आतल्या खोलीत चादरीखाली असताना. लाकूड मऊ होतं. रेघ सहज उमटली.

बंदरावर धक्क्याच्या दगडात एक पितळी खिळा होता. सगळी मापं त्याच्यापासून घ्यायची. नवीन माणसाला दादा पहिल्या दिवशी सांगायचे, पाणी हलतं, पट्टी हलते, तूही हलशील, खिळा हलत नाही. आधी खिळा बघ. एकतीस वर्षांत त्यांच्या वहीत एक खाडाखोड नव्हती. त्या खिळ्यापासून आपल्या घरापर्यंत माप आणायला तासभरसुद्धा लागला नसता. त्यांनी ते कधी आणलं नाही. घर वर गेलं, त्याबरोबर रेघ वर गेली, आणि तेव्हापासून रस्त्यावरून जाणारा कुणीही वर बघून म्हणायचा, अरे बापरे, एवढं पाणी. दर वेळी त्यांना थोडं बरं वाटायचं. काही वर्षांनी त्यांना स्वतःलाही त्या दिवसाची स्वप्नं पडायला लागली, त्यांत पाणी डोक्यावरून जात असे, हिरवं आणि शांत, आणि ते आईचा हात धरून तळाशी उभे असत. जागे झाल्यावर कितीतरी वेळ तेच खरं वाटायचं.

खरं असं होतं की ते कोपऱ्यापर्यंत गेले होते. पाणी मांड्यांना लागलं, मग कमरेला. त्याला ओढ होती. त्यांना पोहता येत नव्हतं. ते परत फिरले आणि म्हणाले, पुरुषभर आहे.

"चहा," वहिनी म्हणाली. तिने कप ठेवला, पण त्यांच्याकडे बघितलं नाही. दादांना ते लगेच कळलं.

तिच्या मागून आत्याची खुर्ची आली. "कर रे सही, दादा," आत्या म्हणाली. "बाईंना उशीर होतोय. मी थोरल्याकडे जाते, चार पावलांवर तर आहे. तू रोज येशील की."

ती हसत होती. दादांनी तिच्याकडे बघितलं. हे हसू ती गिऱ्हाइकाचा कपडा बिघडला की हसायची, घाबरू नका, सांधून देते असं. ती सगळं जाणून आहे, हे त्यांना एक्कावन्न वर्षांत पहिल्यांदा लख्ख कळलं. आणि ती आपल्यासाठी घर सोडायला निघाली आहे, हेही.

दादा कागद हातात घेऊन उठले. दारातून बाहेर पडले, कठडा धरून सातही पायऱ्या उतरले आणि चपलांसकट रस्त्यावरच्या पाण्यात उभे राहिले.

"दादा, काय करताय?" धाकटी दारात धावली. थोरला तिच्या मागे. बाई मोज्यांवर उंबऱ्यात आल्या.

"बाई, लिहून घ्या," दादा खालून म्हणाले. त्यांचा आवाज तासाचा आकडा सांगताना असायचा तसा होता. "अर्जातलं 'नाही' चूक आहे. ते मी मुद्दाम लिहिलं. पुरानंतर घर तीन फूट उचललंय. चौकट घराबरोबर वर गेली. तेव्हा इथे एकच पायरी होती." मग त्यांनी हात आडवा करून आपल्या कमरेशी धरला. "पाणी इथपर्यंत होतं."

भरतीचं पाणी त्यांच्या पावलांभोवती हलत होतं. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. धाकटीचे ओठ हलत होते, ती हिशेब करत होती, आणि तो तिच्यासारखीला दोन क्षणांतच लागला. अकरा महिने, चार नकाशे. तिला आधी भयंकर राग आला. मग थोरला बोलला.

"म्हणजे आजीला..."

"नेता आलं असतं," दादा म्हणाले. "मला भीती वाटली. मी खोटं सांगितलं."

 थोरल्याने ही गोष्ट मित्रांना सांगितली होती, शाळेत सांगितली होती, मगाशीच एका परक्या बाईला सांगितली होती. त्याला वडिलांवर ओरडावंसं वाटलं आणि त्याच वेळी ते पाण्यात घसरतील म्हणून भीतीही वाटली. शेवटी तो खाली उतरला आणि त्याने त्यांचा दंड धरला. धाकटीने दुसरीकडून धरलं. सकाळपासून एकमेकांशी धड न बोललेली ती दोघं वडिलांना मधे घेऊन पायऱ्या चढून वर आली.

वहिनीने पाय पुसायला फडकं आणलं. बाई परत आपल्या जागी बसल्या. त्यांनी 'नाही' खोडलं आणि त्यावर आपली छोटी सही केली. आपण अशा कितीतरी घरांत बसलो आहोत, असा त्यांचा चेहरा होता. त्या घाई करत नव्हत्या.

"तीन फुटांची रेषा धरली तर खोली घराच्या पातळीला होते. माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या. "पण नुसतं तुमच्या सांगण्यावर वरचे साहेब मानणार नाहीत. त्या दिवशी इथे असलेलं दुसरं कुणी आहे? साक्षीदार म्हणून?"

"मी," आत्या म्हणाली.

"पाणी तुम्ही स्वतः पाहिलं होतं? कुठून, केव्हा, तुमच्या शब्दांत लिहायचं. दोन ओळी पुरे."

आत्याने मांडीवरचा शर्ट बाजूला ठेवला. बाईंनी दिलेला कागद तिने खुर्चीच्या हातावर धरला आणि लिहायला लागली. ती कपड्यावर खडूने रेघा मारायची तशी, हात न उचलता, सावकाश लिहीत होती. दोन ओळींच्या पाच झाल्या. बाईंनी कागद घेतला, वाचला, एकदा मान वर केली आणि तो दादांसमोर धरला.

"खाली तुमची सही लागेल."

दादांनी चष्मा लावला. कागदावर लिहिलं होतं:

"पाणी रस्त्यावर कमरेएवढं होतं. मी दुपारी खिडकीतून पाहिलं. एक माणूस सायकल खांद्यावर घेऊन चालत पलीकडे गेला. दादा तेव्हा आईच्या उशाशी बसला होता. मी त्याला हाक मारली नाही."

त्यांनी ते दोनदा वाचलं.

"हे कधी?" त्यांनी विचारलं.

"तू कोपऱ्यावरून परत आल्यावर. तासाभराने असेल."

"मग का नाही मारलीस हाक?"

"तू तिला घेऊन गेला असतास," आत्या म्हणाली, "आणि मी या घरात पाण्यात एकटी राहिले असते. अठरा वर्षांची होते मी, दादा."

बाहेर भरती थांबली होती, पाणी अजून उतरायला लागलं नव्हतं. दादा कागद घेऊन तसेच उभे राहिले. मग त्यांनी खिडकीजवळची आपली खुर्ची उचलली, आत्याच्या खुर्चीला चिकटवून ठेवली, तिच्या शेजारी बसले आणि सही केली.